पावसाळ्यात सागवानी खिडकी चौकटीत अडकते, रंधा मारावा का?

एवढ्यात नको. दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं. आत्ता तासलंत तर दिवाळीनंतर फट दिसेल. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. ते सैल झाले की झडप पुढच्या कोपऱ्यात झुकते आणि खाली घासते. स्क्रूच्या भोकात फेव्हिकॉल लावून लाकडी काडी ठोका, वाळली की स्क्रू परत पिळा. तरीही घासतंय तिथे मेणबत्ती फिरवा. पावसाळाभर तेवढं पुरतं.

मार्च-एप्रिलमध्ये, लाकूड खडखडीत वाळल्यावर, झडप उतरवून रंग द्या. खालची कड हमखास कोरी राहते आणि पाणी तिथूनच वर चढतं, म्हणून तिला दोन हात जास्त. तावदानाची लांबी (काचेच्या कडेची पुट्टी) तडकली असेल तर खरवडून नवी भरा.

आणि कृपया, जुना साग काढून ॲल्युमिनियम बसवू नका!