ग्रुपमध्ये ४३ जण, काम करणारे तिघंच

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही बडोद्याला दांडिया बजारच्या बाजूला राहतो. पणजोबा गायकवाडी संस्थानात नोकरीला होते, त्यांच्या ट्रंकेत मोडी लिपीतली पत्रं आणि हिशेबाचे कागद मिळून साधारण ६०० नग निघाले. ते सगळे स्कॅन करून, देवनागरीत उतरवून कोणालाही फुकट वाचता येतील असे नेटवर ठेवायचे ठरवलंय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, ४३ जण आले, सगळे म्हणतात वा वा फार छान काम, पण प्रत्यक्षात मी, एक रिटायर्ड काकू आणि एक एमएचा मुलगा एवढेच करतोय. त्यात काकू आणि त्या मुलाचं रोज ह्रस्व-दीर्घावरून वाजतं. आणि मागच्या महिन्यात कळलं की ग्रुपमधल्या एकाने आम्ही उतरवलेली ४० पत्रं स्वतःच्या प्रबंधात घातली, आमचं नावसुद्धा नाही. माणसं कुठून आणू आणि आहेत ती टिकवू कशी?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. ट्रंक उघडून कागद रद्दीत न घालता लोकांसाठी खुले करायचं मनात येणं हीच किती मोठी गोष्ट आहे, म्हणून आधी मनापासून शाबास!

आता ४३ जणांचं. त्यांच्यावर रागवू नका, त्यांना काय करायचं तेच कळलेलं नाहीये. "ज्यांना जमेल त्यांनी मदत करा" असा मेसेज टाकला की प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी करेल. आपल्या बडोद्याचंच बघा ना, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावले आणि पुढे लाकडी पेट्यांमधून फिरती वाचनालयं गावोगाव गेली, म्हणजे गावाला सांगितलं नाही की बडोद्याला या आणि कपाटात शोधा, मोजकी पुस्तकं पेटीत भरून दारात नेऊन ठेवली. तुम्ही पण तसंच करा, पाच पत्रांची एक पेटी. पाच फोटो, नियमांचं एक पान, आणि "पुढच्या रविवारपर्यंत" एवढंच, आणि हे ग्रुपवर न टाकता एकेकाला वेगळं, नाव घेऊन. दहा जणांना विचारलंत आणि तिघांनी पेटी पूर्ण करून परत केली तरी तुमचे तिघांचे सहा झाले.

माणसं शोधताना नुसता उत्साह असलेली शोधू नका, ज्यांना ह्या कागदांची स्वतःला गरज आहे ती शोधा. ज्यांच्या घरची माणसं संस्थानात होती ती कुटुंबं, युनिव्हर्सिटीतले मराठी आणि इतिहास विभागाचे विद्यार्थी, मराठी वाङ्मय परिषदेच्या कार्यक्रमांना नेमाने येणारी मंडळी, आणि मुख्य म्हणजे मोडीचा क्लास करून बसलेले लोक. मोडी शिकून झाली की वाचायला कागदच मिळत नाहीत ही त्यांची नेहमीची तक्रार, आणि तुमच्याकडे ट्रंक भरून आहे! पुण्यातले, नाशिकचे पण चालतील, फोटोच तर पाठवायचेत. आणि मोडी न येणाऱ्यालाही काम आहे, फोटो सरळ करणं, नंबर घालणं, तारखा लावणं. "छ ५ जमादिलावल" अशी हिजरी चांद्र तारीख इंग्रजी तारखेत बसवायला गणिताची आवड असलेला एखादा शाळकरी मुलगा सुद्धा मजेत बसेल.

काकू आणि त्या मुलाच्या भांडणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण तिथे आहे. मोडीत आधी ओळीची रेघ आडवी ओढायची आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची, शब्द तोडायचे नाहीत, आणि वेलांटी साधारण एकच, ह्रस्व-दीर्घ असा भेदच नाही. म्हणजे काकू "माहिती" लिहितात आणि तो "माहीती" लिहितो, पण कागदावर दोन्ही नाहीत, कागदावर वेलांटी एकाच तऱ्हेची आहे. मग "जसंच्या तसं" म्हणजे काय हे कागद सांगणार नाही, ते तुम्ही तिघांनी बसून ठरवायचंय. एका पानावर लिहून काढा: ह्रस्व-दीर्घ आजच्या नियमाने, शब्द आपण तोडायचे, "रा. रा." आणि "चि॥" अशी संक्षिप्त रूपं तशीच ठेवायची, न लागलेलं अक्षर चौकटी कंसात प्रश्नचिन्हाने. बाजूला मूळ फोटो असणारच आहे, ज्याला शंका येईल तो बघेल. ठरवताना काकूंना आधी बोलू द्या, त्यांनी आयुष्यभर वाचलंय.

आणि तपासणीला विकिस्रोतची, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडातल्या खुल्या ग्रंथालयाची, पद्धत घ्या, मराठी विकिस्रोतवर ती रोज चालते. कच्चं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, आणि दुसऱ्या वेगळ्या माणसाने तपासलं तरच हिरवं. स्वतः पिवळं केलेलं स्वतः हिरवं करता येत नाही. साध्या एक्सेल शीटमध्ये हे रंग चालतात, त्यासाठी काकूंना नवीन सॉफ्टवेअर शिकायला लावू नका.

प्रबंधवाल्याचं वाईट वाटलं, चीड आली. पण विचारते, त्या पत्रांवर कुठे लिहिलं होतं का की नाव द्यावं लागेल? आज लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणून वापराच्या तयार परवान्यांचा एक संच आहे, त्यातलं बाय-एसए लायसन्स घ्या, म्हणजे कोणीही वापरावं, पुस्तक छापून विकावं तरी चालेल, पण नाव द्यायचं आणि बदल करून पुढे दिलं तर ह्याच अटींवर खुलं ठेवायचं. "व्यापारी वापर नको" ही अट घालायचा मोह होतो, पण ती घातली तर विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाचा फोटोंचा खुला साठा, ते घेत नाही. मात्र त्याआधी एक, कागद तुमच्या घरात असला तरी मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि मग त्याच्या वारसांचा असतो, तेव्हा पणजोबांना ज्यांनी लिहिलं त्यांच्या घरी जाऊन लेखी संमती घ्या. गेलात की तिथे दुसरी ट्रंक निघण्याची शक्यता फार!

नावं देताना "सर्व मित्रमंडळींचे आभार" नको. प्रत्येक पत्राखाली कोणी वाचलं, कोणी टाइप केलं, कोणी तपासलं. संशोधनाच्या जगात क्रेडिट नावाची १४ कामांची एक यादी वापरतात, तुम्हाला पाच-सहा कामं पुरतील. त्या प्रबंधवाल्याला पण एक साधी मेल करा, मूळ कोणी उतरवलं हे पुढच्या प्रतीत घाला म्हणून. मला वाटतं घालेल, आणि नाही घातलं तर गाइडना कळवा.

प्रश्न: आमच्या मंडळाचे जुने नाटकांचे कार्यक्रमपत्रक स्कॅन करून सेक्रेटरींच्या ड्राइव्हवर ठेवलेत. पुरेसं आहे का?
— मांजलपूरहून एक वाचक

उत्तर: नाही हो. आमच्या एका कामात ३०० फोटो असेच एका सभासदाच्या खात्यात होते, तो परदेशी गेला, खातं वापरात राहिलं नाही, आणि आम्ही जागे झालो तेव्हा सगळं गेलेलं. मूळ कागदही तोवर वाळवीने खाल्ले होते, ते दुःख अजून जात नाही. मंडळाच्या नावाने वेगळं खातं काढा, पासवर्ड तिघांकडे. एक प्रत हार्डडिस्कवर मंडळाच्या कपाटात. आणि हक्कांची अडचण नसलेलं सगळं झेनोडो नावाच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावर चढवा, युरोपातल्या सर्न ह्या संशोधन संस्थेचं आहे, फुकट, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत बसतं आणि डीओआय, म्हणजे नोंदीचा न बदलणारा ओळख नंबर, मिळतो. चढवताना लेखकांच्या रकान्यात ज्यांनी स्कॅन केलं त्यांची नावं पण घाला, एकट्या सेक्रेटरींचं नको.