निर्जन बेटावर आठच मराठी गाणी नेता आली तर कोणती न्याल, आणि ती निवडायची कशी?

आधी निवडायची कशी ते सांगतो, कारण यादी काय, कुणीही देईल.

जी गाणी तोंडपाठ आहेत ती नेऊ नका. 'शुक्रतारा मंद वारा' आणि 'या जन्मावर या जगण्यावर' ही दोन्ही माझी जिवापाड आवडती. पण डोळे मिटले की अरुण दाते मला सुरुवातीच्या वाद्यांसकट ऐकू येतात. मग त्यांच्यासाठी आठातली जागा कशाला अडवायची? हा खेळ मूळचा बीबीसी रेडिओचा, १९४२ पासूनचा. पाहुण्याने आठ तबकड्या निवडायच्या, शिवाय एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू. तिथे लोक गाण्यांच्या निमित्ताने आपलं आयुष्य सांगतात, आणि स्टुडिओत बसून ते छानच वाटतं. खरोखर एकटं राहायची वेळ आली की हिशोब बदलतो. हे मी अंदाजाने लिहीत नाही.

मी मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. आपल्याकडच्या जहाजांवर या माणसाला बत्तीसाब म्हणतात. नव्वदच्या दशकात एका परदेशी कंपनीच्या बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, असताना आम्हाला साखर भरायला ब्राझीलच्या सान्तोस बंदरात जायचं होतं. हंगामात तिथे बंदराबाहेर जहाजांची मोठी रांग लागते. त्यात पाऊस आला की साखर भिजू नये म्हणून हॅच, म्हणजे मालाच्या कोठाराची झाकणं, बंद करतात, लोडिंग थांबतं आणि रांग आणखी लांबते. आम्ही नांगर टाकून आठवडेच्या आठवडे उभे होतो. किनारा दिसायचा, रात्री रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवेही दिसायचे, पण उतरायची सोय नाही. खलाशी सगळे फिलिपिनो, वरचे अधिकारी युक्रेनचे. मराठी सोडाच, हिंदी बोलणारंही कुणी नव्हतं. सॅटेलाइट फोनचे दर असे, की घरी 'सगळे बरे ना?' एवढं विचारून ठेवून द्यायचा.

निघताना माझ्या चुलतभावाने, दादाने, मला कॅसेटी भरून दिल्या होत्या. दादा शास्त्रीय संगीतातला जाणकार. सवाई गंधर्व महोत्सवात रात्ररात्र बसलेला माणूस. सगळ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी, आणि प्रत्येकीवर त्याच्या बारीक अक्षरात राग, ताल, गायक. त्याचं मत तेव्हाही ठाम होतं आणि आजही आहे: भावगीत हा तीन मिनिटांचा मामला, चौथ्यांदा ऐकलं की चोथा उरतो. ख्याल संपत नाही. एकटं राहायचं असेल तर राग घेऊन जा, गाणी नकोत.

मी प्रामाणिकपणे ऐकले ते ख्याल. मला ते आवडतातही. पण दोन गोष्टी दादाला पुण्यात बसून दिसणाऱ्या नव्हत्या.

पहिली गोष्ट जहाजाची. नांगरावर असताना मुख्य इंजिन बंद असतं, पण जनरेटर चालूच राहतो. जहाजावरची वीज ६० हर्ट्झची, आपल्या घरातली ५० ची. ट्रान्सफॉर्मर वगैरेंची जी गुणगुण केबिनमध्ये येते ती त्याच्या दुप्पट, म्हणजे १२० च्या आसपास. पेटीवर शोधायला गेलात तर हा सूर सापडणार नाही, कारण तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधल्या फटीत बसतो. त्यावर काळी एकचा तानपुरा लावून बघा. विलंबित आलापात गायक षड्जावर, म्हणजे 'सा'वर, येऊन थांबला की खालून ती गुणगुण वर यायची आणि अख्खा षड्ज कणसुरा, किंचित बेसूर, वाटायचा. हेडफोन लावले तरी बंकच्या पत्र्यातून ती अंगात यायचीच. ठेक्यावर चालणाऱ्या, शब्दांनी भरलेल्या गाण्यात हे एवढं जाणवत नाही. ख्यालाला शांतता लागते, आणि बेटावरही ती मिळेल या भरवशावर राहू नका. समुद्र चोवीस तास गाजतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. त्या काळात माझ्या लक्षात आलं, की स्विचबोर्डवर काम करताना मी आकडे मनातसुद्धा इंग्रजीत मोजतोय. मग एका रात्री आईने बॅगेत टाकलेली गीतरामायणाची कॅसेट लावली. 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा.' राम भरताची समजूत घालतोय, कडव्यामागून कडवं, न थकता. बाबूजींचे, म्हणजे सुधीर फडक्यांचे, उच्चार तुम्हाला माहीतच आहेत. 'कुणाचा'मधला तो ण ऐकला आणि वाटलं, हे अक्षर कितीतरी दिवसांत कुणाच्या तोंडून कानावर पडलेलं नाही. कुणीतरी माझ्याशी पूर्ण मराठी वाक्यांत बोलत होतं. मी कॅसेट उलटी फिरवून परत लावली, परत लावली. चोथा वगैरे काही झाला नाही.

बंदिशीत दोन ओळी असतात, त्याही बहुधा ब्रजभाषेत. घरात, चार माणसांत, त्या पुरतात, कारण भाषा आजूबाजूला असतेच. एकट्या माणसाला बोलणं हवं असतं.

परत आल्यावर दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "शब्द काय, वर्तमानपत्रातही असतात." हे वाक्य मला अजून टोचतं. शब्द वर्तमानपत्रात असतात हे खरं, पण तिथे ते कुणाच्या गळ्यातून येत नाहीत. आणि तीन मिनिटांचं म्हणाल तर ते बंधन ७८ च्या तबकडीचं होतं, एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांचं 'पिया बिन नाही आवत चैन' दादा डोळ्यांत पाणी आणून ऐकतो, ते त्याच तबकडीवरचं आहे. तिथे वेळ आड आली नाही, मग भावगीतालाच का यावी?

दादाच्या बाजूचा एक मुद्दा मीच सांगतो, तो त्याने कधी मांडला नाही. जहाजावरचा एक फिलिपिनो ऑइलर, म्हणजे इंजिनरूममधला कामगार, 'मी डोलकर'ची चाल दिवसभर गुणगुणायचा. शब्द एक कळत नव्हता. म्हणजे चाल पुरते की! पण शनिवारी रात्री मेसमध्ये कराओके लागायचा तेव्हा हाच माणूस तागालोग गाणी गळा फाडून म्हणायचा, आणि दहा जण त्याच्या भाषेत त्याला साथ द्यायचे. त्याच्याकडे चालीपलीकडचं सगळं होतं.

आता माझी निवड. 'पराधीन आहे जगती' पहिलं. ५६ गाण्यांचं अख्खं गीतरामायण 'एक गाणं' म्हणून नेणारे भेटतात, ती लबाडी आहे. दुसरं 'पैल तो गे काऊ कोकताहे'. ज्ञानेश्वरांची विराणी, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. पाहुणा येणार का हे कावळ्याला विचारत बसायचं, बेटावर याहून योग्य काय? तिसरं 'जिवलगा राहिले रे दूर घर माझे'. आशाबाईंच्या त्या जागा मला जन्मात घशातून काढता येणार नाहीत, म्हणून ते नेणार. चौथं कुमार गंधर्वांचं 'अजुनी रुसून आहे'. हे खास दादासाठी. ख्यालाचा गळा आणि कवी अनिलांची अख्खी मराठी कविता, दोन्ही एकत्र मिळतं, मग भांडण कशाला? पाचवं 'मी डोलकर', त्या ऑइलरसाठी. सहावं किशोरीताईंचं 'अवघा रंग एक झाला'.

समुद्र म्हटलं की सगळे 'ने मजसी ने' सुचवतात. सावरकरांनी ते १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलं. ते गाणं मोठं आहे, म्हणूनच नेऊ नका. ज्याची परतीची बोट ठरलेली नाही त्याने ते रोज ऐकू नये. मी जहाजावर ते एकदाही लावलं नाही.

एक सांगायला हवं: ज्यांचा स्वतःचा रियाज आहे त्यांना माझं म्हणणं लागू नाही. गाणाऱ्याला यमनची एक कॅसेट वर्षभर पुरेल, तो तिच्याबरोबर गाईल. मी फक्त ऐकणाऱ्यांबद्दल बोलतोय, आणि दादाही फक्त ऐकणाराच आहे. दोन सुरांपलीकडे तो कधी गायलेला नाही.

उरलेल्या दोन जागांपैकी एक सुलोचना चव्हाणांच्या लावणीला. कोणती ते ठरत नाही, पण ठसक्यात चार शब्द सुनावणारं कुणीतरी तिथे हवंच. आठवी जागा अजून मोकळी आहे. तुमच्याकडे तोंडपाठ नसलेलं, भरपूर कडव्यांचं एखादं गाणं असेल तर कळवा.