मुलाला टोकियोला आणायचंय पण हिकिकोमोरीची भीती वाटते – माझं उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना टोकियोत जॉब मिळालाय, मुलगा आठवीत, कांदिवलीला, लॉकडाऊनपासून तसाही खोलीतच असतो, आणि जपानमध्ये मुलं वर्षानुवर्षं दार लावून बसतात, ज्याला हिकिकोमोरी म्हणतात, असं वाचलं, तर आणावं की नाही. मी बारा वर्षं इथे आहे, निशी-कासाईजवळ, जिथे आपले लोक भरपूर आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

घुमा मुलगा म्हणजे हिकिकोमोरी नाही. इथलं सरकार सहा महिने किंवा जास्त काळ शाळा-नोकरी नाही, घराबाहेर कुणाशी संबंध नाही, अशाला ते म्हणतं. तामाकी सायतो या मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९८ च्या पुस्तकाने हा शब्द घराघरात गेला, तेव्हा वाटायचं पोरांचाच प्रॉब्लेम आहे. पण २०२२ च्या सरकारी सर्व्हेत १५ ते ६४ वयाचे मिळून अंदाजे १४ लाख ६० हजार निघाले, त्यात नोकरी सुटल्यावर घरात बसलेले चाळिशी-पन्नाशीचे लोकपण खूप. ऐंशीचे आईबाप आणि पन्नाशीचं मूल, याला इथे '८०५०' असं नावच पडलंय. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये खाली एक आजी होत्या, तीन वर्षं रोज जिन्यात नमस्कार-चमत्कार व्हायचे, मला वाटायचं एकट्याच राहतात, मग एकदा त्यांना अॅम्ब्युलन्सने नेलं तेव्हा कळलं की आत मुलगा आहे. तीन वर्षांत एकदाही त्याचं नाव निघालं नव्हतं.

यात कल्चर कुठे येतं तर इथे. जपानीत 'सेकेनतेई' म्हणतात, म्हणजे चारचौघांतली अब्रू. आपलं 'लोक काय म्हणतील' तेच की. माझा सख्खा भाचा मुलुंडला, इंजिनिअरिंगची एंट्रन्स दोनदा गेली आणि दीड वर्ष खोलीत, बहीण सगळ्यांना सांगायची अभ्यास करतोय, गणपतीत आम्ही गेलो तर आरतीलासुद्धा बाहेर आला नाही आणि आम्ही कुणीच विचारलं नाही. मीपण नाही. ते मला अजून लागतं. मी लालबागच्या चाळीत वाढले, दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, रुसून गॅलरीच्या टोकाला बसलं तरी शेजारच्या काकू येऊन काय झालं विचारणारच. चाळीचं कौतुक करत नाहीये, अभ्यासाला जागा नसायची, पण लपायलाही नसायची. आता मुंबईत मुलांना स्वतःची खोली आहे आणि लपवायची सवय तर होतीच. २०१५ च्या एका अभ्यासात जपानबरोबर भारत, कोरिया, अमेरिकेतही असे लोक सापडलेत.

जपानचं वेगळं काय, तर वाट अरुंद आहे. सगळं एप्रिलला सुरू होतं, कंपन्या कॉलेज संपवणाऱ्यांना एकदमच घेतात, ती बस चुकली की परत चढणं अवघड. नव्वदच्या दशकात मंदी आली तेव्हा चुकलेले कितीतरी जण आजही त्या वाटेबाहेरच आहेत. तुमच्या मुलाला पंधराव्या वर्षी हायस्कूलची एंट्रन्स जपानीतून द्यावी लागेल, दीड-दोन वर्षांत कांजी म्हणजे जपानीतली चित्राक्षरं शिकून ते होणं फार कठीण, वर्गात मुका होऊन बसेल. त्याला इथल्या भारतीय शाळेत घाला, सीबीएसई आहे, फी बरीच आहे म्हणून मिस्टरांनी ऑफर सही करायच्या आधीच कंपनीकडे मागावी.

आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. परदेशी मुलांना इथे शाळेची कायद्याने सक्ती नाही. तो घरी बसला तर कुणी विचारायला येईलच असं नाही, तुम्हालाच जावं लागेल. हिकिकोमोरीसाठी सरकारी सल्ला केंद्रं आहेत, मुलगा तयार नसला तरी आईने एकटीने जायचं, बहुतेक घरांची सुरुवात तशीच होते. भाषेचं अडलं तर मुंबईच्या काउन्सेलरशी व्हिडिओवर बोला, पण बोला, आजारी आहे, अभ्यास करतोय असं सांगत बसू नका.

आता आणायचं का? तो संध्याकाळी खाली खेळायला उतरतो का, क्लासमध्ये एखादा तरी मित्र आहे का, हे आधी सांगा. असेल तर आणा, त्या मित्राशी रोजचा कॉल चालू ठेवा. कुणीच नसेल तर जागा बदलली की सुधारेल या आशेवर नका आणू, मिस्टरांना पुढे येऊ दे, तुम्ही तिथेच आधी त्याला डॉक्टरकडे न्या, केईएमसारख्या मोठ्या म्युनिसिपल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, फार खर्च नाही. आणि त्याला स्वतःला विचारलंत का यायचंय का? तुमच्या मेसेजमध्ये त्याचं म्हणणं कुठेच नाही, ते विचारून कळवा.