वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यानंतर उंदरांची वीण का घटली?

प्रश्न : आमच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात स्विस जातीच्या पांढऱ्या उंदरांची लहानशी वसाहत आहे. मे महिन्यात एसी आठवडाभर बंद होता. तो दुरुस्त झाला, तरी जून-जुलैत पिले फारच कमी झाली. जुने उंदीर काढून नवे आणावेत का? पैदाशीची खात्रीची माहिती कोठे मिळेल?
– एक संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नवे उंदीर आणण्याची घाई करू नये. नराच्या शरीरात शुक्राणू तयार होण्यास सुमारे ३५ दिवस लागतात आणि ते परिपक्व होण्यात आणखी काही दिवस जातात. त्यात मादीचा १९ ते २१ दिवसांचा गर्भकाळ मिळवला, तर मे महिन्यातील उष्म्याचा फटका पिलांच्या संख्येत जून-जुलैत दिसणे स्वाभाविकच आहे. नरांना दोनेक महिने द्यावेत. तरीही वीण सुधारली नाही, तर तरुण नर लावावेत. खोलीचे तापमान २० ते २६ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी. एसी बंद पडला की नागपुरात हात आपसूक कूलरकडे जातो, पण त्याने हवा दमट होते आणि पिंजऱ्यात अंथरलेल्या ओलसर भुशात अमोनिया लवकर साठतो. त्यापेक्षा दुसरा एसी आणि जनरेटर यांसाठी विभागाकडे आग्रह धरावा.

जोड्या पुन्हा लावताना नराच्या पिंजऱ्यातील वापरलेला भुसा आधी माद्यांच्या पिंजऱ्यात टाकावा. शास्त्रज्ञ व्हिटन यांनी १९५६ मध्ये वर्णन केलेल्या, नराच्या वासाच्या परिणामामुळे बऱ्याच माद्या साधारण तिसऱ्या दिवशी माजावर येतात. मात्र नुकत्याच फळलेल्या मादीजवळ परका नर आणू नये, कारण त्याच्या केवळ वासानेही गर्भ टिकत नाही, हे शास्त्रज्ञ हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये दाखवले.

आपले स्विस उंदीर आउटब्रेड, म्हणजे जनुकीय विविधता राखून वाढवलेले आहेत, हेही ध्यानात असू द्यावे. सी५७बीएल/६ सारखा इनब्रेड, म्हणजे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखा वाण सख्ख्या भावाबहिणींच्या किमान २० पिढ्यांच्या संकरातून तयार होतो. आउटब्रेड वसाहतीत नेमका तोच संकर कटाक्षाने टाळावा लागतो. लहान वसाहतीत हे सर्वांत अवघड असते, आणि पिंजऱ्यावरील चिठ्ठीत आईबाप व जन्मतारीख नसेल तर अशक्यच.

माहितीसाठी अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत सांभाळला जाणारा ‘माउस जीनोम इन्फर्मेटिक्स’ हा विनामूल्य माहितीसंच पाहावा. कोणत्या वाणात कोणते जनुकीय उत्परिवर्तन आहे आणि त्याचे परिणाम काय, हे त्यात मिळते. स्मरणशक्तीच्या चाचण्या करणाऱ्यांनी तर तो आधी उघडावा; सी३एच वाणात आणि काही स्विस घराण्यांतही दृष्टिपटल लवकर नष्ट करणारे उत्परिवर्तन असते, आणि आंधळा उंदीर पाण्यात पोहत, खुणा पाहून जागा शोधण्याच्या चाचणीत अपयशी ठरला की दोष औषधावर जातो. एखादा वाण जगात कोठे जिवंत किंवा गोठवलेल्या भ्रूणांच्या रूपात ठेवला आहे, हे ‘इंटरनॅशनल माउस स्ट्रेन रिसोर्स’मध्ये शोधता येते.

नवे उंदीर आणावेच लागले, तर ते नोंदणीकृत पैदासकाकडूनच, संस्थेच्या प्राणी नीती समितीच्या मंजुरीनंतर घ्यावेत. हैदराबादच्या जीनोम व्हॅलीत आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) राष्ट्रीय प्राणी संसाधन सुविधा आहे. तेथे आधी चौकशी करावी आणि प्रवास हिवाळ्यात ठरवावा.