वर्गाचा उपयोग झाला, हे कशावरून ठरवायचं?

प्रश्न : आमच्या केंद्रातल्या आठ जिल्हा परिषद शाळांत वाचनाचे जादा वर्ग सुरू करायला ग्रामपंचायती पैसे देणार आहेत. ‘मुलं सुधारली’ एवढं सांगून ग्रामसभा ऐकणार नाही. आमच्या शाळेचा पट अवघा 17. मोजणी कशी करावी?
— शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, गुहागर तालुका

उत्तर : 17 मुलांत एक मूल वाचू लागलं की टक्केवारी जवळजवळ 6ने वाढते. त्यामुळे आठही शाळा एकत्र मोजा.

नुसती आधीची आणि नंतरची चाचणी पुरत नाही. मूल एरवीही वर्षभर शिकत असतंच. शिवाय सर्वांत मागे पडलेली मुलं निवडली, तर त्यांतली काही त्या दिवशी बुजलेली किंवा आजारी असतात. दुसऱ्या खेपेला ती आपोआप वर दिसतात. म्हणून तुलनेला मुलं हवीतच. सर्वांसमोर चिठ्ठ्या टाका : चार शाळांत यंदा तिसरीला वर्ग, चार शाळांत चौथीला. कुठलीच शाळा रिकाम्या हाती राहत नाही आणि दोन्ही इयत्तांना तुलना मिळते. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी वर्गांचा (यात स्थानिक तरुणी मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवत) वडोदऱ्यात 2001 नंतर अभ्यास झाला, तो याच मांडणीने. त्यात मागे पडलेल्या मुलांना फायदा दिसला; पण वर्ग थांबल्यावर वर्षभरात तो बराच ओसरला. ग्रामसभेला हेही सांगा, म्हणजे पैसे एकाच वर्षाचे धरले जाणार नाहीत.

चाचणी ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीसारखी, एकेका मुलाची, तोंडी घ्या. आधी परिच्छेद द्या. तीनपेक्षा जास्त चुका नसतील आणि सलग वाचला, तर गोष्ट; नाहीतर शब्द, पाचांपैकी चार बरोबर हवेत; तेही नाही जमलं तर अक्षरं. दुसऱ्या खेपेला उतारा बदला. तपासणारे शेजारच्या शाळेचे असावेत, वर्ग घेणारे नकोत.

सगळ्यात मोठी चूक गैरहजर मुलांची होते. पहिली चाचणी जूनअखेर घ्या आणि त्या यादीतलं एकही नाव नंतर गाळू नका. शाळेत न सापडलेल्या मुलाच्या घरी जा. कातकरीवाडीतली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, म्हणून दुसरी चाचणी दिवाळीच्या सुट्टीआधी उरका. मार्चमध्ये मोजलंत, तर नेमकी मागे पडलेली मुलं यादीतून निघून गेलेली असतील आणि सरासरी खोटी वर जाईल. आंब्याच्या हंगामात येणारी राखणदारांची मुलं वेगळ्या पानावर लिहा, पण वर्गात जरूर बसवा.

आठ शाळा मिळूनही मुलं थोडीच. चार-पाच मुलांच्या फरकावरून यश जाहीर करू नका, अपयशही नको.

प्रश्न : यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदींतली, माहिती यासाठी चालेल का?
— ग्रामपंचायत सदस्य, दापोली

उत्तर : नाही. त्यात पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं कळतात. मूल वाचतं का, ते समोर बसवूनच कळेल.