मार्गारेट ॲटवुड, ॲलिस मन्रो या कॅनेडियन लेखिकांचे कच्चे खर्डे कॅनडात कुठे पाहायला मिळतात?

ॲटवुड यांचे कागद टोरांटो विद्यापीठाच्या थॉमस फिशर ग्रंथालयात आहेत, मन्रो यांचे कॅलगरी विद्यापीठात. फिशरमध्ये बाहेरच्या वाचकालाही प्रवेश आहे. मात्र आधी ऑनलाइन यादीतून खोक्याचा क्रमांक काढून ठेवा, नाहीतर दिवस फुकट जातो. आत पेन चालत नाही, शिसपेन न्या. ॲटवुड यांच्या 'द हँडमेड्स टेल' कादंबरीच्या सुरुवातीच्या खर्ड्यावर पुस्तकाचं नाव म्हणून 'ऑफ्रेड', म्हणजे नायिकेचंच नाव दिसतं. छापील पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून हे कळत नाही, म्हणून खर्डे जरूर पाहाच.

टोरांटोतच असाल तर 'द आर्काइव्ह्ज' (The ArQuives) या संग्रहालाही भेट द्या. समलिंगी चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी १९७३ साली स्वतः सुरू केलेला हा संग्रह. पत्रकं, मासिकं, बिल्ले, सगळं त्यांनी जपलंय. मला तर विद्यापीठांपेक्षा हेच काम मोठं वाटतं.