'हाय रिस्क' खोडू नकोस

प्रिय पोरी,

इंटर्नल ऑडिटमध्ये रुळलीस, फार बरं वाटलं. अहवालातला रिकन्सिलिएशनचा, म्हणजे दोन ठिकाणच्या नोंदी जुळवण्याचा, मुद्दा 'हाय रिस्क'वरून 'मीडियम'वर आण, असं वरिष्ठ सांगतात म्हणतेस. आणू नकोस.

पंजाब नॅशनल बँकेची मुंबईतली ब्रॅडी हाउस शाखा आठव. तिथून 'स्विफ्ट'वर, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवर, बँकांच्या परदेशी शाखांना कर्जाच्या हमीचे मेसेज जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीत, त्यांची नोंदच पडत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा जोडलेल्या नव्हत्या. रोज संध्याकाळी कोणी दोन्हींच्या याद्या शेजारी ठेवून टिक मारली असती, तरी फरक दिसला असता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून स्विफ्टबद्दल सगळ्याच बँकांना बजावलं होतं. पण ज्याच्यावर हे मेसेज पाठवल्याचा आरोप आहे, तो अधिकारी त्याच शाखेत सातेक वर्षं बसून होता. तो निवृत्त झाल्यावर, जानेवारी २०१८ मध्ये, हमी मागायला आलेल्या नीरव मोदीच्या कंपन्यांकडे नव्या माणसाने शंभर टक्के मार्जिन, म्हणजे हमीइतकीच रोख रक्कम, मागितलं. 'आजवर कधी लागलं नाही' असं त्यांचं उत्तर आलं, आणि प्रकरण उघडकीस आलं. त्या मार्च तिमाहीत बँकेला १३,४१७ कोटींचा तोटा झाला. त्यात या घोटाळ्यासाठीच्या तरतुदीचा वाटा मोठा होता. कंट्रोलचा आणि नफ्याचा काय संबंध, असं कोणी विचारलं की मी हाच आकडा सांगतो.

संचालक मंडळात नामवंत माणसं आहेत, यावर विसंबू नकोस. सत्यम या आयटी कंपनीच्या मंडळावरही होती. तरी जानेवारी २००९ मध्ये अध्यक्षांनीच लिहून दिलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. म्हणून शिल्लक खरी असल्याचं बँकेचं कन्फर्मेशन थेट बँकेकडून घे, अकाउंट्सवाल्यांच्या हातून कधीच नको.

शेअर बाजाराची नियामक सेबी हिच्या लिस्टिंग नियमांनुसार संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीने महत्त्वाच्या निष्कर्षांवर इंटर्नल ऑडिटरशी चर्चा करायची असते. पण तुझ्या कागदावर जे नाही, ते त्यांना कळणार कुठून? न जुळलेल्या नोंदी किती दिवसांच्या, रक्कम किती, मेकर (नोंद करणारा) आणि चेकर (ती तपासणारा) एकाच लॉगिनवर होते का, एवढं सरळ लिही. मॅनेजमेंटचं म्हणणं वेगळं असेल तर तेही शब्दशः जोड. रेटिंग बदलायचंच असेल, तर कारण लेखी मागून वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे ऑडिटच्या तुझ्या फाइलमध्ये, लाव.

मसुदा मला पाठवू नकोस, तो कंपनीचा कागद आहे. अडलं तर फोन कर.

तुझा,
काका